क्रिएटिनचं वेळापत्रक

जिममध्ये क्रिएटिनचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास वेळेचा असतो. व्यायामाआधी घ्यायचं की नंतर? उपाशीपोटी चालेल का? सुटीच्या दिवशी घ्यायचं की नाही? प्रत्येक ट्रेनर ठामपणे उत्तर देतो, दोन ट्रेनरांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत आणि नवखा मुलगा गोंधळून जातो. गेल्या तीसेक वर्षांतलं संशोधन समोर ठेवलं तर उत्तर इतकं साधं आहे की ते कुणाला पटत नाही: रोज घ्या, कधीही घ्या. खरे महत्त्वाचे प्रश्न वेगळेच आहेत. किती घ्यायचं, कुणाला त्याचा उपयोग, कुणी त्याच्या वाटेला जाऊ नये आणि रक्ताच्या रिपोर्टचं काय, हे मात्र जिममध्ये सहसा कुणी विचारत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. घरात क्रिएटिनचा काळा डबा दिसला की आईवडिलांना पहिल्यांदा स्टेरॉइड आठवतं. क्रिएटिन स्टेरॉइड नाही, हार्मोनही नाही. आपलंच शरीर ते रोज सुमारे एक ग्रॅम तयार करतं. आर्जिनिन, ग्लायसिन आणि मेथिओनिन ही तीन अमिनो आम्लं हा त्याचा कच्चा माल. पहिली पायरी मुख्यतः मूत्रपिंडात पार पडते, दुसरी यकृतात. उरलेलं क्रिएटिन मांस-मासळीतून मिळतं. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात ते साधारण १२० ग्रॅम असतं आणि त्यातलं ९५ टक्के स्नायूंमध्ये. रोज त्यातला दीड-दोन टक्के भाग आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो आणि लघवीवाटे निघून जातो. म्हणजे रोजची घट सुमारे दोन ग्रॅमची. हा दोन ग्रॅमचा आकडा लक्षात ठेवावा, पुढचा बराचसा हिशेब त्यावरच उभा आहे.

स्नायूंमधल्या या साठ्याचं काम काय? स्नायू आकसतो तो एटीपी नावाच्या रेणूच्या जोरावर. पूर्ण ताकद लावली तर हाताशी असलेला एटीपी काही सेकंदांतच संपेल. तो संपू न देण्याचं काम फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे फॉस्फेट जोडलेलं क्रिएटिन, करतं: आपल्याजवळचा फॉस्फेट देऊन ते वापरलेला एटीपी जागच्या जागी पुन्हा उभा करतं. ही व्यवस्था जेमतेम दहा सेकंद जोरात चालते, नंतर शरीर दुसऱ्या मार्गांवर अधिकाधिक विसंबतं. विश्रांती मिळाली की तीन ते पाच मिनिटांत साठा बहुतेक भरून येतो. कबड्डीतली चढाई डोळ्यांसमोर आणा. चढाई तीस सेकंदांची, पण त्यात निर्णायक क्षण दोन-चार सेकंदांचेच असतात: हात लावायचा, पकड झटकायची, मध्यरेषेकडे झेप घ्यायची. मग थोडी उसंत आणि पुन्हा चढाई. क्रिएटिनचा फायदा नेमका अशा खेळांत होतो. कुस्ती, भारोत्तोलन, छोट्या अंतराची धाव, फुटबॉलमधल्या एकामागून एक धावा, जिममधले सेट, हे सगळं त्यातच आलं. बेचाळीस किलोमीटर धावणाऱ्याला शर्यतीच्या दिवशी त्यातून फारसं काही मिळत नाही, उलट अंगावर किलोभर जादा वजन वाहावं लागतं.

फॉस्फोक्रिएटिनच्या शोधात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे आणि तो आपल्याकडे पुरेसा माहीत नाही. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली भीमवरमचा. मद्रासला वैद्यकीचं शिक्षण घेऊन ते १९२३ साली हार्वर्डला गेले आणि तिथे सायरस फिस्के यांच्याबरोबर १९२७ साली त्यांनी स्नायूतलं हे संयुग उलगडलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फिलिप आणि ग्रेस एगल्टन हे दांपत्यही त्याच्यापर्यंत पोहोचलं होतं. १९२९ साली एटीपीच्या शोधातही फिस्के-सुब्बाराव जोडी होतीच, जर्मनीच्या कार्ल लोमान यांच्या बरोबरीने. जिमच्या भिंतीवर परदेशी शरीरसौष्ठवपटूंची पोस्टर्स लागतात, तिथे एखादं चित्र सुब्बारावांचं लावायला हरकत नाही.

पदार्थ म्हणून क्रिएटिन त्याहूनही बरंच जुनं. १८३२ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल यांनी मांसाच्या अर्कातून ते वेगळं काढलं. १८४७ साली युस्टुस फॉन लीबिग यांनी नोंदवलं की शिकारीत दमवून मारलेल्या रानकोल्ह्यांच्या मांसात ते पाळलेल्या कोल्ह्यांपेक्षा दसपट असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओटो फोलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांना क्रिएटिन खाऊ घालून त्यांच्या स्नायूंतला साठा वाढतो हे दाखवलं. मग विषय कित्येक दशकं थंड पडला, कारण जिवंत माणसाच्या स्नायूत डोकावायचं कसं हाच प्रश्न होता. साठच्या दशकात स्वीडनमध्ये योनास बर्गस्ट्रोम आणि एरिक हुल्टमन यांनी सुईने स्नायूचा बारीक तुकडा काढण्याची पद्धत या संशोधनात रुजवली आणि ती अडचण दूर झाली.

आजचं सगळं क्रिएटिन-पुराण सुरू होतं १९९२ साली. रॉजर हॅरिस हे मूळचे घोड्यांच्या स्नायूंचे अभ्यासक. त्यांनी हुल्टमन यांच्यासोबत सतरा माणसांवर प्रयोग केला. पाच-पाच ग्रॅम क्रिएटिन दिवसातून चार ते सहा वेळा, काही दिवस. स्नायूंतला साठा ठळकपणे वाढला. ज्यांचा साठा मुळात कमी होता त्यांच्यात सर्वांत जास्त वाढला, आणि एकाच पायाने व्यायाम करवला तर त्या पायात अधिक गेलं. त्याच उन्हाळ्यात बार्सिलोनाच्या ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनचा लिनफर्ड क्रिस्टी शंभर मीटर जिंकला, आणि तो क्रिएटिन घेत होता अशी बातमी लंडनच्या वर्तमानपत्रात आली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत डबे विक्रीला आले. प्रयोगशाळेतून दुकानात जायला इतका कमी वेळ लागलेले पदार्थ थोडेच असतील.

दुकानात येताना त्या प्रयोगातला मोठा डोसही सोबत आला. त्यालाच ‘लोडिंग’ म्हणतात: पाच ते सात दिवस रोज सुमारे वीस ग्रॅम, चार वेळा विभागून, आणि नंतर रोज तीन ते पाच ग्रॅम. हे केल्याने आठवडाभरात साठा काठोकाठ भरतो, यात वाद नाही. पण ते करायलाच हवं का? हुल्टमन यांच्याच गटाने १९९६ साली उत्तर देऊन ठेवलं आहे. काहींना सहा दिवस वीस-वीस ग्रॅम दिलं, काहींना २८ दिवस रोज फक्त तीन ग्रॅम. महिन्याअखेर दोघांच्या स्नायूंतली वाढ जवळपास सारखीच, सुमारे वीस टक्के. पहिल्या गटातल्यांचा साठा नंतर रोजच्या दोन ग्रॅमवर टिकून राहिला. वर लक्षात ठेवायला सांगितलेला आकडा हाच: रोज जातं तेवढं रोज भरलं की झालं.

म्हणजे घाईचं कारण नसेल तर लोडिंगचं कारण नाही. तीन आठवड्यांवर स्पर्धा असेल तर एक वेळ समजू शकतो. तसं काही नसताना आठवडाभर वीस ग्रॅम पोटात ढकलून हगवण ओढवून घेण्यात शहाणपण दिसत नाही. एका वेळी दहा ग्रॅम घेणाऱ्यांना पोटाचा त्रास जास्त होतो, पाच-पाच ग्रॅम दोनदा विभागून घेणाऱ्यांना कमी, हे फुटबॉल खेळाडूंवरच्या अभ्यासात दिसलं आहे. लोडिंगमध्ये डबा मात्र भराभर संपतो, आणि डब्यावरच्या सूचनांत लोडिंग इतक्या आग्रहाने का लिहिलेलं असतं याचं उत्तर मला तरी तिथेच दिसतं. साधारण माणसाने तीन ते पाच ग्रॅम घ्यावं. पाच ग्रॅम म्हणजे बहुतेक डब्यांतला एक सपाट स्कूप. देह शंभर किलोचा असेल तर पाच, पन्नास-पंचावन्न किलोच्या मुलीला तीन पुरतात.

आता वेळ. साठा भरायला आठवडे लागतात आणि बंद केल्यावर तो पूर्वपदाला यायलाही चार ते सहा आठवडे जातात. रांजणात पाणी सकाळी ओतलं काय नि संध्याकाळी ओतलं काय, रात्री तो तितकाच भरलेला असतो. व्यायामाच्या अर्धा तास आधी घेतलेलं क्रिएटिन त्या दिवशीच्या सेटला कामी येत नाही. कामी येतं ते गेल्या महिन्याभरात साठलेलं. तरीही वेळेचे प्रयोग झालेच. २०१३ साली होजे अँटोनियो यांनी फ्लोरिडात एकोणीस हौशी शरीरसौष्ठवपटूंना चार आठवडे पाच ग्रॅम दिलं, निम्म्यांना व्यायामाआधी, निम्म्यांना नंतर. ‘नंतर’चं पारडं किंचित जड निघालं. पण एकोणीस माणसं, चार आठवडे आणि फरक इतका निसटता की त्यासाठी सांख्यिकीची नेहमीची कसोटी सैल करावी लागली. ज्येष्ठ माणसांवरच्या कॅनडातल्या प्रयोगात आधी आणि नंतर यांत फरक दिसला नाही. व्यायामाने त्या स्नायूतला रक्तप्रवाह वाढतो, म्हणून व्यायामाच्या आसपास घेणं तत्त्वतः थोडं बरं, एवढंच म्हणता येईल. विसरू नये हाच निकष धरायचा तर सकाळी दात घासल्यावर घेणं सर्वांत चांगलं. सुटीच्या दिवशीही घ्यायचं, कारण घट रविवारीही होतेच.

सोबत काय खावं याला थोडा आधार आहे. १९९६ साली ब्रिटनमध्ये ग्रीन आणि सहकाऱ्यांनी क्रिएटिनबरोबर प्रत्येक वेळी नव्वदहून अधिक ग्रॅम साखर पाजली तेव्हा स्नायूंत जास्त क्रिएटिन गेलं, कारण इन्शुलिन त्याला आत ढकलतं. नंतर पन्नास ग्रॅम प्रथिनं आणि पन्नास ग्रॅम कर्बोदकं यांनीही तेच साधतं असं दिसलं. पण हे सगळं लोडिंगच्या घाईत. एरवी जेवणानंतर घेतलं की पुरे. वरण-भातात हे दोन्ही असतंच, त्यासाठी रोज ग्लासभर साखरेचं पाणी पिण्याइतकं मोल त्या फायद्याला नाही. मधुमेहाच्या देशात तर नाहीच नाही.

चहा-कॉफीबद्दल एक जुनी शंका आहे. बेल्जियमच्या लोव्हेनमध्ये १९९६ साली झालेल्या प्रयोगात भरपूर कॅफिनसोबत क्रिएटिन घेतलेल्यांच्या स्नायूंत साठा वाढला, ताकदीत मात्र वाढ दिसली नाही. तो डोस किलोमागे पाच मिलिग्रॅम कॅफिनचा होता, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला एका दमात तीन-चार कप कडक कॉफी. पुढचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. सकाळच्या दोन कप चहावर त्यामुळे गदा आणण्याचं कारण नाही.

पाणी कोमट असेल तर पावडर लवकर विरघळते. थंड पाण्यात तळाशी वाळूसारखी बसते. ती ढवळून प्यायली तरी पोटात काही बिघडत नाही. मात्र एकदा कालवलेलं क्रिएटिन दिवसचे दिवस ठेवू नये, आणि आंबट द्रवात तर मुळीच नाही. सामू ३.५ असलेल्या द्रावणात खोलीच्या तापमानाला तीन दिवसांत त्याचा पाचवा हिस्सा क्रिएटिनिन होऊन वाया जातो. लिंबू सरबतात किंवा ताकात मिसळून लगेच प्यायलं तर चालतं. कोरडी पावडर मात्र फार टिकाऊ असते. द्रवातल्या या नासाडीवरून बाजारातल्या तयार क्रिएटिन पेयांबद्दल काय समजायचं ते समजावं.

या सगळ्यातून मिळतं किती? बावीस अभ्यासांचा २००३ सालचा एक आढावा सांगतो की वजनं उचलण्याच्या व्यायामाने क्रिएटिन म्हणून नुसती दिखाऊ पावडर घेणाऱ्यांची ताकद १२ टक्के वाढली, क्रिएटिनवाल्यांची २०. म्हणजे बारा टक्के घामाचे होते आणि आठ डब्याचे. व्यायामाशिवायचं क्रिएटिन म्हणजे मुख्यतः स्नायूंत शिरलेलं पाणी, पहिल्या आठवड्यात लोडिंग केल्यास किलो-दीड किलो. २०२५ साली सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या अभ्यासाने नेमकं इथे बोट ठेवलं. त्यांनी आधी व्यायाम न करता एक आठवडा पाच ग्रॅम क्रिएटिन दिलं: चरबीविरहित वजन अर्धा किलो वाढलं. पुढे बारा आठवडे दोन्ही गटांनी सारखाच व्यायाम केला, आणि दोघांचीही वाढ सारखीच झाली. म्हणजे पूर्वीच्या कित्येक अभ्यासांत ‘स्नायू वाढले’ म्हणून जे मोजलं गेलं त्यात पहिल्या आठवड्यातल्या पाण्याचा भाग असावा. एका अभ्यासाने तीस वर्षांचा ढीग कोसळत नाही, अनेक अभ्यास एकत्र केले की किलोभराचा फरक अजून दिसतोच. पण जाहिरातीतल्या दंडांची आशा धरणाऱ्याने हा आकडा वाचून ठेवावा.

शिवाय प्रत्येकाला तो किलोभरही मिळत नाही. स्नायूंत क्रिएटिन मावण्याला कमाल मर्यादा आहे. निसर्गतःच जो त्या मर्यादेजवळ आहे, भरपूर मांस खाणारा, त्याच्यात भरायला जागाच कमी. २००४ सालच्या एका छोट्या अभ्यासात अकरांपैकी तिघांवर जवळपास काहीच परिणाम झाला नाही. दोन महिने नेमाने घेऊन, नेमाने व्यायाम करून काहीच फरक पडला नाही तर आपण त्या तिघांतले, असं समजून पैसे वाचवावेत.

याची दुसरी बाजू आपल्या समाजाला लागू पडते. कच्च्या मांसात आणि मासळीत किलोमागे साधारण चार-पाच ग्रॅम क्रिएटिन असतं, शिजवताना त्यातलं काही जातं. दुधात लिटरमागे जेमतेम दशांश ग्रॅम. डाळी, ज्वारी, शेंगदाणे यांत नाहीच. म्हणजे माळकरी घरातला मुलगा जन्मापासून जवळजवळ केवळ स्वतःच्या शरीराने बनवलेल्या क्रिएटिनवर वाढतो. तो काही अशक्त नसतो, शरीर आपलं भागवून घेतं. पण शाकाहारी माणसाच्या स्नायूंतला साठा सरासरीने कमी असतो, आणि म्हणून पावडर घेतल्यावर त्याच्यात वाढायला वाव जास्त. २००३ साली कॅनडात डॅरेन बर्क यांनी आठ आठवडे व्यायाम करवून शाकाहारी आणि मांसाहारी यांची तुलना केली, तेव्हा क्रिएटिनचा लाभ शाकाहारींना अधिक झाला. ज्यांच्या घरी या डब्याकडे सर्वांत जास्त संशयाने पाहिलं जातं, त्यांनाच तो सर्वांत उपयोगी, अशी ही गंमत आहे. पावडर स्वतः शाकाहारीच असते: सार्कोसिनचा क्षार आणि सायनामाइड यांपासून कारखान्यात ती तयार होते, प्राण्याचा त्यात संबंध येत नाही. कॅप्सूल मात्र तपासून घ्यावी. तिचं आवरण बऱ्याचदा जिलेटिनचं असतं, म्हणून डब्यावरचा हिरवा ठिपका पाहावा.

मूत्रपिंडाचा प्रश्न मात्र सविस्तर घ्यायला हवा, कारण डॉक्टरांच्या केबिनमध्ये खरी खडाजंगी इथेच होते. मूत्रपिंड किती काम करतं हे आपण सहसा थेट मोजत नाही. रक्तात क्रिएटिनिन किती साचलं ते मोजतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. क्रिएटिन पावडर खाणाऱ्याच्या शरीरात क्रिएटिनिन मुळातच जास्त तयार होतं. शिवाय तो व्यायाम करणारा, स्नायूही जास्त. साहजिकच रिपोर्टवर आकडा मर्यादेच्या थोडा वर जातो, शेजारी तांबड्या रंगात खूण येते आणि त्यावरून काढलेला गाळणक्षमतेचा अंदाज खाली येतो. मूत्रपिंड ठणठणीत असतानाही हे घडतं. आदल्या रात्री मटणावर ताव मारून तपासणीला जाणाऱ्यांचाही आकडा असाच फुगतो.

भीतीला इतिहास आहे. १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये एका पंचवीस वर्षांच्या तरुणाची नोंद आली: क्रिएटिन घेतल्यावर मूत्रपिंडाचं काम घसरलं, बंद केल्यावर सुधारलं. पण त्याला मूत्रपिंडाचा आजार आधीपासूनच होता, हे मथळ्यांमध्ये राहून गेलं. पुढच्याच वर्षी बेल्जियमच्या पूर्टमन्स आणि फ्रँको यांनी पाच वर्षांपर्यंत क्रिएटिन घेणाऱ्या खेळाडूंची तपासणी केली, बिघाड आढळला नाही. ब्राझीलमध्ये २०१० साली एकच मूत्रपिंड असलेल्या एका तरुणात गाळणक्षमता थेट मोजली गेली, तीही ढळली नाही. निरोगी माणसाला नेहमीच्या डोसने इजा होते असा पुरावा तीस वर्षांत उभा राहिलेला नाही. आजारी मूत्रपिंडाबद्दल असं म्हणता येत नाही, कारण तिथे अभ्यासच थोडे आहेत. आपल्याकडे मधुमेह आणि रक्तदाब कित्येकांना असतो आणि ठाऊक नसतो. म्हणून चाळिशी ओलांडलेल्याने, किंवा घरात हे आजार असलेल्याने, डबा फोडण्याआधी एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून तो कागद जपून ठेवावा. पुढे आकडा वाढला तर तुलना करायला काहीतरी हवं. शंका उरली तर सिस्टॅटिन सी ही चाचणी आहे, तिचा क्रिएटिनशी संबंध नाही. आणि विम्याची वैद्यकीय तपासणी असो की ऑफिसची वार्षिक, क्रिएटिन घेतो हे डॉक्टरांना सांगणं हा सगळ्यात सोपा उपाय, जो फार थोडे करतात.

केस गळण्याची धास्ती एका प्रयोगावर उभी आहे. दक्षिण आफ्रिकेत २००९ साली वीस रग्बी खेळाडूंमध्ये लोडिंगनंतर डीएचटी हे हार्मोन वाढलेलं दिसलं. त्यात कुणाचे केस मोजलेच नव्हते. २०२५ साली बारा आठवड्यांच्या अभ्यासात केस प्रत्यक्ष तपासले, फरक दिसला नाही. पेटके येतात, शरीरातलं पाणी आटतं, या समजालाही आधार नाही. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत वजन उतरवताना तीन कॉलेज पैलवानांचा मृत्यू झाला, तेव्हा पहिला संशय क्रिएटिनवर गेला होता. चौकशीत समोर आलं ते वेगळंच: रबरी सूट, तापवलेल्या खोल्या आणि पाणी तोडणं. आपल्या पैलवानांसाठी यातला मुद्दा वजनगटाचा आहे. क्रिएटिनने किलोभर वजन वाढवायचं आणि मग वजनाच्या दिवशी ते घामाने उतरवायचं, हा धोक्याचा खेळ आहे. गटाच्या काठावर असलेल्याने लोडिंगच्या भानगडीत पडूच नये.

हल्ली क्रिएटिनचा प्रचार जिमबाहेरही जोरात चालू आहे: स्मरणशक्ती, हाडं, म्हातारपण, थकवा. यातलं वार्धक्याचं काही अंशी खरं आहे. ७२१ ज्येष्ठांवरच्या बावीस अभ्यासांचा २०१७ सालचा आढावा सांगतो की वजनाच्या व्यायामासोबत क्रिएटिन घेणाऱ्यांचं चरबीविरहित वजन इतरांपेक्षा सुमारे १.४ किलोने जास्त वाढलं. साठीनंतर पायातलं बळ जाऊन पडण्याची भीती असते, त्या वयात ही वाढ तरुणाच्या दंडापेक्षा मोलाची. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही पंचावन्नच्या पुढच्यांसाठी व्यायामासह रोज तीन ग्रॅमचा दावा मान्य केला आहे. ‘व्यायामासह’ हा शब्द आजीआजोबांना पावडर आणून देणाऱ्या नातवंडांनी नीट वाचावा. हाडांचं मात्र निराशाजनक: रजोनिवृत्तीनंतरच्या २३७ स्त्रियांवर दोन वर्षं चाललेल्या कॅनडाच्या अभ्यासात हाडांची घनता वाढली नाही.

मेंदूचं कोडं अजून सुटलेलं नाही. २००३ साली सिडनीत ४५ तरुण शाकाहारींना सहा आठवडे पाच ग्रॅम दिल्यावर स्मृती आणि तर्क यांच्या चाचण्यांत ठळक सुधारणा दिसली, आणि तो निष्कर्ष जगभर गाजला. वीस वर्षांनी १२३ जणांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा फायदा असलाच तर फार छोटा, आणि शाकाहारींना अधिक असंही दिसलं नाही. मेंदू आपलं क्रिएटिन बऱ्याच अंशी स्वतः बनवतो, त्यामुळे हे तसं आश्चर्याचं नाही. रात्रभर जागवलेल्या माणसांना एकच मोठा डोस दिल्यावर थोडी तरतरी आली, असं जर्मनीत २०२४ साली पंधरा जणांवर दिसलं. पंधराच. रोगांवरचा अनुभव तर कडू आहे. पार्किन्सनच्या १७४१ रुग्णांपैकी निम्म्यांना कित्येक वर्षं रोज दहा ग्रॅम देणारा अमेरिका-कॅनडातला प्रचंड प्रयोग उपयोग होत नाही म्हणून २०१३ साली मध्येच थांबवावा लागला. हंटिंग्टन रोगावरचाही तसाच थांबला. उलट, ज्या थोड्या मुलांना जन्मतःच क्रिएटिन बनवता येत नाही त्यांच्यासाठी हेच औषध आहे. १९९४ साली अशा पहिल्या बाळाची नोंद झाली आणि तोंडावाटे क्रिएटिन दिल्यावर त्याच्यात सुधारणा झाली.

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना घेऊ नये, तिथे पुरेसा अभ्यास नाही. अठराखालच्या मुलांना अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना ते देऊ नये म्हणते, क्रीडापोषणवाले काही अटींवर चालेल म्हणतात. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा तालमीत नुकता उतरला असेल तर दूध, तूप, झोप आणि जोर-बैठका यांतून त्याला जे मिळणार आहे त्याच्या पासंगालाही क्रिएटिन पुरणार नाही. मला बालरोगतज्ज्ञांचं म्हणणं पटतं.

खरेदीला गेलं की दहा प्रकार दिसतात: एचसीएल, इथाइल एस्टर, बफर केलेलं, सूक्ष्म कणांचं, गोळ्या-गमी. प्रयोगात साध्या क्रिएटिन मोनोहायड्रेटला मागे टाकणारा त्यातला एकही नाही. इथाइल एस्टर तर रक्तात क्रिएटिनिनच जास्त वाढवतं. सूक्ष्म कणांचं म्हणजे मोनोहायड्रेटच, नुसतं लवकर विरघळणारं. गमींच्या काही स्वतंत्र चाचण्यांत लेबलवर लिहिल्यापेक्षा फारच कमी क्रिएटिन निघालं आहे. तेव्हा साधं, चवीचा मसाला नसलेलं मोनोहायड्रेट घ्यावं. डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असावा, सील शाबूत असावं. अंगात उत्साह आणणाऱ्या ‘प्री-वर्कआउट’ मिश्रणात क्रिएटिन किती आणि बाकीचं काय, याचा पत्ता लागत नाही.

स्पर्धेत उतरणाऱ्याला हे अधिक जपावं लागतं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदीयादीत क्रिएटिन नाही, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१८ साली पुराव्याने टिकलेल्या मोजक्या पूरकांत त्याला जागा दिली. पण ज्या यंत्रावर क्रिएटिन भरलं जातं त्यावर आधी दुसरं काय भरलं होतं हे ग्राहकाला कळत नाही. म्हणून प्रत्येक खेप तपासून ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ची खूण मिळालेलाच डबा घ्यावा, बिल जपावं आणि थोडी पावडर सीलबंद ठेवावी. नमुन्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं तर ते डब्यातून आलं हे सिद्ध केल्यावर शिक्षा कमी होऊ शकते, पण पदक बहुतेक परत द्यावंच लागतं.